कृत्रिम पाऊस : अठरा टक्के कशाचे?

आमच्या शाळेत दर्शनी फलकावर रोज एका विद्यार्थ्याने विज्ञानाची एक बातमी लिहायची, अशी जुनी पद्धत आहे. २०२३ सालच्या अखेरीस एका मुलाने लिहिले : ‘सोलापुरात कृत्रिम पावसाचा प्रयोग यशस्वी. पावसात १८ टक्के वाढ.’ मधल्या सुट्टीत तोच मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. “सर, मग मिरजगावला इमान कधी येणार?”

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, नगर–सोलापूर रस्त्यावरचे गाव. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या या दक्षिण भागात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस होतो, तोही बराचसा परतीचा. रब्बीची ज्वारी त्या परतीच्या पावसावर आणि सीना धरण कुकडीच्या आवर्तनावर डोळे लावून बसते. जूनअखेर आकाशात पश्चिमेकडून ढग येतात आणि पूर्वेकडे निघून जातात. ते पाहत मोठ्या झालेल्या मुलाने विमानाची चौकशी करावी, यात नवल नाही. त्याच रस्त्याने पुढे गेले की सोलापूर लागते. तिथे पडला तर इथे का नाही?

मी त्याला त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ‘वाढ झाली’ म्हणजे काय झाले, हे आधी मलाच समजून घ्यायचे होते. समजून घेता घेता जे हाती आले ते शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवतो. त्यात कौतुक आहे आणि तक्रारही आहे.

प्रथम नावाविषयी. ‘कृत्रिम पाऊस’ हा शब्दच फसवा आहे. या पावसात ढग निसर्गाचा, बाष्प निसर्गाचे आणि पडणेही निसर्गाचेच. माणूस करतो ते एवढेच, की ढगात काही कण सोडतो. ढगातला जलकण आकाराने फार बारीक असतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका. असे सुमारे दहा लाख कण एकत्र येतील तेव्हा कोठे पावसाचा एक थेंब होतो. कण सारख्याच आकाराचे असतील तर ते हवेबरोबर तरंगत राहतात, एकमेकांवर आदळत नाहीत आणि वाढतही नाहीत. अशा ढगात मिठासारख्या आर्द्रताशोषक पदार्थाचे थोडे मोठे कण सोडले, तर त्यांच्याभोवती मोठे जलकण तयार होतात. ते खाली येताना वाटेतल्या बारीक कणांना गिळत जातात. ही झाली उष्ण ढगांची रीत. ढगाचा माथा गोठणबिंदूच्या बराच वर गेला असेल, तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी जुळती असल्याने अतिशीत पाणी त्यावर गोठू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात गोठणपातळी सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असते. त्यामुळे महाराष्ट्रातील पुष्कळसे ढग पहिल्या रीतीचे गिऱ्हाईक ठरतात.

ही विद्या नवी नव्हे. अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी १९४६ च्या नोव्हेंबरात विमानातून ढगावर शुष्क बर्फ टाकला आणि हिमकण पडताना पाहिले. त्याच महिन्यात बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा गुण शोधला. म्हणजे ढगात काहीतरी घडवता येते, हे पाऊणशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाले होते. अडले ते पुढच्या प्रश्नावर. आपण कण सोडले आणि पाऊस पडला. पण कण सोडले नसते तर तो पडला नसता, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न किती अवघड आहे, ते मी वर्गात तेलाच्या रिकाम्या डब्यांवर शिकलो. एका पावसाळ्यात मुलांनी गावाच्या दोन टोकांना एकाच आकाराचे दोन डबे ठेवले. कित्येक दिवशी एका डब्यात बोटभर पाणी आणि दुसऱ्याचा तळ जेमतेम ओला! मध्ये ना डोंगर, ना विमान. पहिला डबा ठेवणाऱ्या मुलाने त्या दिवशी मंत्र म्हटला असता, तर मंत्राची सिद्धी तिथल्या तिथे झाली असती. पावसाची नैसर्गिक चढउतार एवढी मोठी असते की, दहावीस टक्क्यांचा फरक त्यात सहज बुडून जातो. शिवाय विमान सोडणारा माणूस भरलेला, वाढता ढगच निवडणार. तो ढग बहुधा आपणहून बरसणाराच असतो. निवडलेल्या ढगांची तुलना न निवडलेल्यांशी केली, तर यश आधीच पदरात पडलेले असते.

यातून सुटण्याचा मार्ग एकच. कोणत्या ढगात वा कोणत्या भागात पेरणी करायची, हे माणसाने न ठरवता नाणेफेकीवर सोडायचे. आणि हे काम आमच्या शेजारीच, भीमा ओलांडली की फार लांब नाही अशा बारामती परिसरात, अकरा पावसाळे झाले आहे. शाळेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला त्याचा उल्लेख आढळलेला नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने हा प्रयोग १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ या वर्षांत केला. ४,८०० चौरस किलोमीटरचा टापू घेऊन त्याचे सारखे तीन पट्टे पाडले. उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला. मधला पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे एकीकडची फवारणी वाऱ्याने दुसरीकडे जाऊन घोटाळा होणार नाही. पेरणीयोग्य दिवस आला की आज उत्तरेत फवारायचे की दक्षिणेत, हे यादृच्छिक क्रमाने ठरायचे. ज्या पट्ट्यात फवारले नाही, तो त्या दिवसाचा तुलनेचा पट्टा. पेरायचे ते बियाणेही साधेच : दळलेले मीठ आणि ते चिकटून गोळा होऊ नये म्हणून त्यात दहास एक या प्रमाणात शंखजिऱ्याची पूड.

या रचनेतील खुबी मुलांना जरूर समजावून सांगावी. समजा, उत्तरेच्या पट्ट्यात मुळातच पाऊस जास्त पडतो. मग उत्तरेत पेरणी झाली त्या दिवशी ‘यश’ जास्त दिसेल. पण दक्षिणेत पेरणी झाली त्या दिवशी तेवढेच कमी दिसेल. दोन्ही प्रकारच्या दिवसांचे गुणोत्तर घेतले की जागेचा गुणदोष आपोआप छाटला जातो. उरते ते पेरणीचे. अकरा हंगामांत असे १६० दिवस मिळाले. निष्कर्ष निघाला : पेरणीच्या बाजूला २४ टक्के अधिक पाऊस, चार टक्के सार्थकता पातळीवर. याचा अर्थ असा, की पेरणीचा काहीच परिणाम होत नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे चार होती. चार म्हणजे शून्य नव्हे. पण खिशातून पैसे काढून पुढचा प्रयोग करावा, इतकी ती निश्चितच कमी आहे.

मला त्या २४ टक्क्यांपेक्षा मोलाची वाटते ती त्याच अभ्यासातली दुसरी नोंद. ज्या ढगांची जाडी एक किलोमीटरहून अधिक होती आणि ज्यांत पाणी पुरेसे होते, त्यांच्यातच पाऊस वाढला. उथळ, कोरड्या ढगांत मीठ टाकले, तर ते विरण्याकडे कल दिसला. म्हणजे पेरणीने पाऊस कमीही होऊ शकतो! ‘इमान आलं अन् ढग पळालं’ असे आमच्या पारावर म्हणतात, तेव्हा आपण शिकलेली माणसे हसतो. ते म्हणणे सिद्ध झालेले नाही, हे खरे. पण हसण्यापूर्वी ही नोंद आठवावी.

आता तक्रार. अकरा वर्षांच्या या धिम्या कामानंतर शासनाने काय करायला हवे होते? त्याच पद्धतीने, अधिक चांगली उपकरणे घेऊन, प्रयोग पुढे चालवायला हवा होता. झाले ते वेगळेच. २००३ च्या दुष्काळात राज्यात परदेशी कंपनीच्या साहाय्याने कृत्रिम पावसाची मोहीम निघाली. २०१५ च्या दुष्काळात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे रडार आणि विमान आले. २०१९ मध्ये पुन्हा तेच, त्यासाठी सुमारे तीस कोटी रुपये मंजूर झाले. या साऱ्या मोहिमा होत्या, प्रयोग नव्हते. योग्य ढग दिसला की फवारायचे, हा त्यांचा नियम. कोणता ढग मुद्दाम सोडून द्यायचा, हा नियम त्यात नव्हता. त्यामुळे अमुक इतक्या फेऱ्या झाल्या, अमुक मंडळांत पाऊस पडला, एवढेच हाती लागले. पडलेल्या पावसातला विमानाचा किती आणि वरुणाचा किती, हे सांगण्याची सोयच ठेवलेली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने, हेतुपूर्वक हवामान बदलता येते याला खात्रीलायक वैज्ञानिक पुरावा अद्याप नाही, असा अहवाल दिला तेही साल २००३ च. आपण त्या वर्षी पुरावा गोळा करू शकलो असतो. आपण विमान भाड्याने घेतले.

दुष्काळात लोक टाहो फोडत असताना शासनाने हात बांधून बसावे, असे मी म्हणत नाही. टँकरमागे धावणाऱ्या गावात राहून तसे म्हणता येत नाही. पण तिन्ही वेळा विमान आले ते पावसाने पाठ फिरवल्यावर, म्हणजे पेरण्याजोगे ढगच विरळ झाल्यावर. शेतकरी वापसा पाहून पेरतो. आपण जमीन तडकल्यावर पाभर बाहेर काढली.

विरोधाभास पाहा. २०१९ च्या ज्या पावसाळ्यात मराठवाड्यावर मोहिमेचे विमान फिरत होते, त्याच पावसाळ्यात सोलापूरला पुण्याच्या त्याच संस्थेचे शास्त्रज्ञ नाणेफेक करून फवारणी करत होते. हाच तो प्रयोग, ज्याची बातमी आमच्या फलकावर आली. ‘कायपिक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००९ पासून चाललेल्या ढगांच्या अभ्यासाचा तो चौथा टप्पा. डॉ. तारा प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ ते २०१९ या काळात तो केला. एक विमान फवारणीसाठी आणि एक नुसते मोजण्यासाठी. खाली रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे. २७६ ढग निवडले, काहींत कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या, काही तसेच सोडले. बारामतीच्या प्रयोगाला ढगाच्या आत काय घडते, हे फारसे पाहता आले नव्हते. सोलापूरला ते पाहिले गेले. एका राज्यात, एका हंगामात, सरकारी पैशावर चाललेली ही दोन कामे एकमेकांना जोडली असती, तर तीस कोटींच्या फेऱ्यांतूनही काही शिकता आले असते.

सोलापूरच्या निष्कर्षाकडे वळू. फवारणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. याशिवाय असे पाणी लिटरला १८ पैशांना पडले, असाही हिशेब प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांच्या कामाविषयी मला आदर आहे. पण वृत्तपत्रांनी त्या दोन ‘अठरां’चे जे केले आणि आपण शिक्षकांनी जे होऊ दिले, त्याविषयी बोलायला हवे.

अठरा टक्के कशाचे? वर्षाच्या पावसाचे नव्हेत. जिल्ह्याच्या पावसाचे तर नव्हेतच. योग्य ढग मिळाला, तो फवारला, तर त्या ढगाखाली जे पडले असते त्याचे अठरा टक्के. ढग नसेल तर शून्याचे अठरा टक्के शून्यच.

आणि अठरा पैसे? फळ्यावर एक हिशेब मांडू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी झाले. म्हणजे बरोबर एक टँकर! (हे समीकरण मुलांना एकदा सांगितले की ती कधी विसरत नाहीत.) आता एखाद्या ढगातून एरवी दहा मिलिमीटर पडले असते असे धरू. अठरा टक्के म्हणजे १.८ मिलिमीटर अधिक, हेक्टरी १८ हजार लिटर. लिटरला १८ पैसे दराने त्याची किंमत ३,२४० रुपये. एकरी सुमारे तेराशे. पिण्याच्या पाण्याचा टँकर म्हणून पाहिले, तर दर काही फार नाही. पण हे पाणी टँकरमध्ये पडत नाही. ते रानात, रस्त्यावर, पत्र्यावर, खडकावर, बांधावरच्या बाभळीवर, जिथे वाऱ्याने नेले तिथे पडते. आमच्या भागात उघडीप पडली की दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. १.८ मिलिमीटरचा हिशेब दुपारपर्यंत मिटतो. लिटरला १८ पैसे हा पाण्याचा ‘उत्पादनखर्च’ असेल. हाती लागलेल्या पाण्याचा दर तो नव्हे. तो काढायचा तर किती पाणी जिरले, किती बंधाऱ्यात आले, किती उडाले हे मोजावे लागेल.

यातून एक उलटी गोष्ट निघते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेरणीचा उपयोग असलाच, तर तो बऱ्या पावसाच्या दिवसांत, भरल्या ढगांत, जमीन ओली असताना आणि खाली साठवायला जागा असताना. म्हणजे ज्या दिवसांत कोणी विमानाची मागणी करत नाही, नेमक्या त्या दिवसांत. अशा वेळी पैसा मंजूर करणारा मंत्री मला अजून भेटायचा आहे.

जगात काय चालले आहे, तेही थोडे पाहू. मेघबीजनाचे उदाहरण म्हणून आपल्याकडे नेहमी इस्रायलचे नाव घेतात. तिथे १९६१ ते १९६७ या काळातील प्रयोगात १५ टक्के वाढ दिसली आणि पुढे पेरणी नित्याचीच झाली. मग त्यांनी एक धाडस केले. २०१३ ते २०२० अशी सात वर्षे नव्याने नाणेफेक करून पाहिली. वाढ निघाली १.८ टक्के, म्हणजे योगायोगापासून वेगळी न काढता येण्याजोगी. त्यांनी पेरणी थांबवली. आपलेच गाजलेले उत्तर पुन्हा तपासायचे आणि ते टिकले नाही तर खर्च बंद करायचा! या धाडसाची बातमी मात्र आमच्या फलकावर आली नाही. कारण ती वृत्तपत्रातच ठळक आली नाही.

दिल्लीची आली. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदूषण धुऊन काढण्यासाठी तिथे विमानातून फवारणी झाली. आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास होती आणि सांगण्याजोगा पाऊस झाला नाही. यावर अधिक लिहायला नको. बारामतीची १९८६ पर्यंतची वही कोणी उघडून पाहिली असती, तरी पुरे होते.

दुसरीकडे आशेला जागाही आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली, दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपये. त्यात नवी रडारे आहेत, हवामान-बदलकार्याचा अभ्यास आहे आणि पुण्याला ढगांची प्रयोगशाळा, म्हणजे बंद कोठीत ढग तयार करून तपासण्याची सोय, हेही आहे. पैसा योग्य ठिकाणी जातो आहे, असे वाटते. माझी मागणी लहान आहे. राज्याने पुढच्या वेळी विमान आणलेच, तर करारात एक अट असावी : पेरणीयोग्य ठरलेल्या दर दोन ढगांपैकी एक यादृच्छिक क्रमाने सोडून द्यायचा आणि दोघांचीही मोजणी प्रसिद्ध करायची. खर्च वाढत नाही. फवारणीची सामग्री उलट निम्मी लागते. खाली मोजायला ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे आहेतच. महसूल मंडळाला एक याप्रमाणे राज्यात ती दोन हजारांहून अधिक आहेत. पीकविम्याचा निवाडा ज्या आकड्यांवर होतो, ते या कामाला वापरायला हरकत कोणती?

हे सारे मी अखेर त्या मुलाला, आता तो बारावीत आहे, सांगितले. अठरा टक्के आणि टँकरचे समीकरण त्याला लगेच पटले. नाणेफेक पटली नाही. तो म्हणाला, “सर, आपल्या गावावर ढग आलाय, विमान पण आलंय, अन् नाण्यानं सांगितलं फवारायचं नाही. मग?”

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, फवारल्याने पाऊस वाढतोच हे ठाऊक असते, तर न फवारणे हा अन्याय झाला असता. ते ठाऊक नाही. उथळ ढग असेल तर नुकसानही होईल. शिवाय बारामतीसारखी रचना केली, तर आज शेजारच्या पट्ट्याची पाळी आणि दुसऱ्या दिवशी आपली. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “अन् ते अकरा वर्षं चालणार?”

अकरा नाही तरी पाच-सात लागतील, असे मी सांगितले. मग दोघांनी मिळून बोटे मोजली. २००३ च्या मोहिमेत नाणे उडवायला सुरुवात झाली असती आणि दर पावसाळ्यात ते चालू राहिले असते, तर तो पहिलीत येण्याच्या आतच उत्तर तयार झाले असते.